पंचवीसला एक

इंजिन सापडलं खजुराच्या बागेत,
फवारणीच्या पंपाला चिकटून मेलेलं.
मालक खमीस म्हणाला, ने.
मी गोणपाटात गुंडाळून कडेवर नेलं,
आजारी बोकड न्यावं तसं.

सहममध्ये आमची खोली हायवेच्या अलीकडे,
पत्र्याची, सहा खाटांची, एका एसीची.
सायकल एकच, जनू हुमण्यांची,
मडगार्ड नसलेली, तीन हात फिरून आलेली.
कोंबड्यांच्या शेडवर रात्रपाळी त्यांची,
अकरा किलोमीटर जायचे, अकरा यायचे,
आणि यायची वेळ अशी की ऊन तोंडावरच.
उजवा गुडघा म्हणजे गंजलेलं बिजागर.
कुशीवर वळले की सहाही खाटांना कळायचं.

त्यांनी मागितलं नव्हतं.
मीही कुणासाठी करतोय ते बोललो नाही.
शुक्रवारी काम नसतं, हात खाजतात, एवढंच.

कार्बुरेटर उघडला. आत पेट्रोलचा डिंक झालेला
आणि त्यात एक मुंगी, अख्खी.
जेटला सुई लावायची नसते, भोक मोठं होतं.
ब्रेकच्या केबलची एक तार सोडवली,
तिने खरवडलं, फुंकलं, उजेडाकडे धरलं.
सुईच्या टोकाएवढं आकाश दिसलं तेव्हा थांबलो.

क्लच भंगारातून, कुठल्याशा गवत कापायच्या मशीनचा.
एक रियाल चारशे बैसा. घासाघीस करून.

पुढच्या शुक्रवारी फ्रेम.
नळी बारीक, क्लॅम्प रुंद,
मध्ये जुन्या ट्यूबचे चार वेढे.
मागच्या चाकाला दुसरी दातेरी चकती,
आऱ्यांच्या आतून रबर, बाहेरून रबर, नऊ बोल्ट.
सिल्हेटच्या शम्सुलने नऊच्या नऊ ओठांत धरले
आणि दोन तास बोलला नाही.
एवढा शांत शुक्रवार त्या खोलीने पाहिला नव्हता.

तेल मिसळायचं पंचवीसला एक.
माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण:
एक झाकण तेल, पाव लिटर पेट्रोल.
नंतर कुणाला खोकला झाला
तर झाकण आधी हुंगून बघावं लागायचं.

"ब्रेक?" हुमण्यांनी विचारलं.
"सायकलचेच."
"म्हणजे चपला," ते म्हणाले, आणि बसले.

मासळी बाजारामागे, समुद्राच्या कडेने पहिली फेरी.
दोरी सात वेळा ओढली. आठव्यांदा
निळा धूर, बकऱ्या पळाल्या,
आणि सायकल निघाली, फटफटत,
दात शिवशिवावेत असा आवाज करत.
मी ओरडलो, "पेडल मारू नका!"
"नाही मारत!" ते ओरडले.
पाय फिरतच होते.
एवढ्या वर्षांच्या पायांना
कान कुठून येणार.

मग पाऊण तासाचा रस्ता वीस मिनिटांचा झाला
आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कळेना.
शेडबाहेर बसून त्यांनी घरी फोन लावला.
"आज कामावर नाही गेलात?" बायको घाबरली.
दुसऱ्या दिवशीही घाबरली.
तिसऱ्या दिवसापासून ते फोन न लावता
नुसते बसून राहायचे, इंजिन गार होईस्तोवर,
टिकटिक ऐकत.

एकोणीस दिवस.
विसाव्याला पोलिसाने थांबवलं.
पोरगाच होता, आवाज न चढवता बोलला.
मुल्किया? नंबर? विमा?
हुमणे म्हणाले, सायकल आहे.
त्याने सायलेन्सरला बोट लावून पाहिलं,
झटकन तोंडात घातलं,
आणि मग दोघेही हसले म्हणे.
उद्यापर्यंत काढ, तो म्हणाला. नाहीतर नेईन.

नऊ बोल्ट काढायला दहा मिनिटं लागली.
शम्सुलने ते मुठीत घेतले, खिशात घातले,
कशासाठी ते विचारलं नाही.
इंजिन आता माझ्या खाटेखाली,
पुठ्ठ्यावर, तेलाचा डाग हळूहळू वाढतोय.

चार आरे ढिले झाले होते, ते कसून दिले.
थ्रॉटलची मूठही काढायला घेतली
तर हुमण्यांनी माझं मनगट धरलं.
"राहू दे ती."
केबल कुठेच जात नाही, लोंबकळते.
पण पुलाच्या चढावर, ते सांगतात,
उजवा गुडघा बोलू लागला
की ते मूठ जरा पिळतात.